डोळा साफ, लिव्हर साफ

आमच्या काळाचौकीच्या चाळीत कामाला निघण्याआधी परबकाकांना डोळे दाखवावे लागतात. काका जिन्याच्या तोंडाशीच स्टूल टाकून बसतात. अंगठ्यानं तुमची खालची पापणी ओढतात, टॉर्च मारतात आणि निकाल देतात, "डोळा साफ, लिव्हर साफ. चल, पळ!" कुणी सटकलाच तर मागून हाक येते, "पिवळा होऊन पडशील तेव्हा मला सांगू नको हां!"

चार वर्षांपूर्वी काकी लिव्हरच्या दुखण्यानं गेल्या, तेव्हापासून हा उद्योग. काका निवृत्त फिटर. यंत्रासारखा माणूसही रोज तपासावा, हे त्यांचं ठाम मत. माझ्या बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांनाही त्यांनी सोडलं नाही. तरी लग्न जमलं, हे आमचं नशीब.

गेल्या महिन्यात मंडळानं हेपॅटायटिस बीच्या तपासणीचं शिबिर ठेवलं. काकांनी दारं ठोकून अख्खी चाळ रांगेत उभी केली. स्वतः मात्र खुर्च्या हलवत फिरत होते.

"काका, तुमचा नंबर?"

"माझा डोळा साफ आहे रे. रोज आरशात बघतो."

टेबलामागची डॉक्टर हसली. "आजोबा, डोळ्यांत दिसत नाही म्हणूनच तर ही तपासणी. हा विषाणू वर्षानुवर्षं अंगात गप्प बसतो. माणूस ठणठणीत दिसतो."

मला रागच आला. "सगळ्यांना सुया टोचून घ्यायला लावल्यात, आणि स्वतः घाबरता?"

काकांनी खिशातून प्लास्टिकमध्ये जपलेली एक चिठ्ठी काढली. काकींच्या डॉक्टरांनी लिहिलेली. काकींना हेपॅटायटिस बी आहे, पतीनं लगेच रक्त तपासून घ्यावं. चार वर्षं ती त्या खिशात होती.

"माझ्यात निघाला तर..." काका म्हणाले आणि एकदम मालवणीवर आले, "माझ्याकडसून तिका गेलो असात काय रे?"

डॉक्टर हळूच म्हणाली, "कुणाकडून कुणाला गेला, ते यातून कळत नाही, आजोबा. पण तुमच्यात असला, तर त्यावर लक्ष ठेवता येतं. औषधंही आहेत."

काकांनी डोळे मिटून हात पुढे केला.

पुढचे आठ दिवस ते रोज संध्याकाळी विचारत, "आला काय रे रिपोर्ट?" आणि मी नाही म्हटलं की सुटल्यासारखे हसत. नवव्या दिवशी आला. निघाला होता. लिव्हर अजून शाबूत आहे, पण आता नियमित तपासण्या करायच्या, असं हॉस्पिटलात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टूल रिकामं. मी त्यांच्या खोलीत गेलो. काका खिशात हात घालून बसले होते.

"आता कुणाला हात नाय लावायचा मी."

"शिवून होत नाही हा, काका. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

"ठाऊक आहे." तरी हात बाहेर येईना.

मग मीच त्यांचा हात ओढून अंगठा माझ्या डोळ्याखाली लावला. "बघा लवकर, मला उशीर होतोय."

काका खूप वेळ बघत राहिले. त्यांना काही दिसत नसावं, त्यांचेच डोळे भरले होते.

"साफ," ते शेवटी म्हणाले. "पण उद्या परत ये."