न्हालेल्या मातीची आणि मोडल्या खुर्चीची हकीकत

श्री. मातीचा देह, मातीवर राज्य आणि राज्यावर प्लास्टिकची खुर्ची, इतकें ज्यानें एके ठायीं आणिलें त्या परमेश्वरास नमन करोन लिहिणें ऐसें जे, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरीं एका राज्यांत घागरी, टोपल्या, देवाचे पाट, सारें प्लास्टिकचें होतें, आणि त्यास रंग देणारी रंगशाळा नदीच्या वरच्या अंगास होती, आणि ती विषारी रंग उकळून पाणी नदींत सोडी, आणि खालीं कोळीवाडा तेंच पिई, आणि लेकरांच्या अंगीं चट्टे उठत. मग कोळीवाड्याची चिमाई हुजूर येऊन चांगलें पाणी मागती झाली. वचन देण्यांत महाराजांचा हात धरणारा कोणी नव्हता. दसऱ्याच्या दरबारापूर्वीं नदी निर्मळ होईल, ऐसें बोलिले.

मग रंगशाळेचा दरोगा अंबाजी यानें नवी रीत काढिली. चिकणमाती आणि निरुपद्रवी रंग कोरडेच एकत्र घोटावे, सांडपाणी निघत नाहीं, आणि ती भुकटी प्लास्टिकच्या रसांत घातली असतां वस्तूस रंग चढतो आणि बळही येतें. दसऱ्यासाठीं महाराजांची नवी खुर्ची याच रीतीनें घडावयाची ठरली. रीत खरोखर चांगली होती. चांगल्याचें मातेरें करावयास कारभारी लागतो, ते विसाजीपंत होते. त्या राज्यांत बाहेरील वस्तु धुतल्यावांचून वाड्यांत घेत नसत. मागें मीठ धुतलें, तें वाहून गेलें, तरी रिवाज राहिला. पंत बोलिले, "माती न्हाल्यावांचून महाराजांच्या खुर्चींत जाणार नाहीं." अंबाजीस परिणाम ठाऊक होता, परंतु शालजोडी मिळावयाची होती, सबब त्यानें मान डोलाविली. असल्या शहाण्याची मला किळस येते.

मग साध्या पाण्यानें शुद्धि पुरेना म्हणोन रंगविलेली माती तेजाबानें धुतली, आणि निम्मा रंग सुटला तो तेजाबासकट नदींत गेला, आणि नदी पूर्वीं पिवळी होती ती तांबडी जाहली. मग ओलीच भुकटी तापल्या रसांत पडली आणि वाफ कोंडोन खुर्चीच्या पायांत फुगे धरिले. वरोन डाळिंबी, आंत पोकळ, हुबेहूब पंत.

दसऱ्यास महाराज खुर्चीवर विराजमान जाहले, आणि नदी निर्मळ जाहली ऐसें पंतांनीं जाहीर केलें, आणि सरदारांनीं माना हालविल्या, आणि पाय कडाडला, आणि महाराज सदरेवर उताणे पडले. घसा कोरडा पडोन पाणी मागूं लागले. चिमाई फिर्यादीस घागर घेऊन उभीच होती, ती पुढें आली.

"म्हाराज, नदीचंच हाय. आमची पोरं हेच पित्यात. निर्मळ झालं म्हनता, तर घ्या दोन घोट."

महाराजांनीं घागरींत पाहिलें, पंतांनीं छताकडे पाहिलें, अंबाजीनें शालजोडी सांवरली. तोंड कोणी लाविलें नाहीं.

एकूण मजकूर इतकाच. माती धुतली, नदी नासली, खुर्ची मोडली, रिवाज शाबूत राहिला. नव्या खुर्चीचा हुकूम त्याच दिवशीं सुटला, पाण्याचा सुटला नाहीं. मग चिमाईनें घागर उचलिली आणि घरीं नेली, कारण लेकरांस दुसरें पाणी नव्हतें.