गोपाळरावांचा डायनामो

आमच्या गल्लीत मोटार एकच होती, आणि तिचा डायनामो बहुतेक वेळा स्वयंपाकघरात असे.

मोटार गोपाळरावांची. नगरच्या कचेरीत ते हेडक्लार्क, मी त्यांच्या हाताखालचा कारकून आणि भिंतीला भिंत लागून शेजारी. बहात्तर सालच्या आसपासची गोष्ट. गोपाळरावांनी पन्नाशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. गाडी काळी, जुनी, एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून घेतलेली. ती रस्त्यावर कमी आणि अंगणात जास्त.

कुणाच्या घरी लग्न निघालं की माणसं यायची. "गोपाळराव, नवरदेवाला तेवढी गाडी..."

"डायनामो काढलाय," गोपाळराव म्हणायचे.

"का? बिघडला का?"

"बिघडल्यावर कुणीही काढतं. न बिघडता काढायला अक्कल लागते."

माणसं वाटेत त्यांना चिकट म्हणत घरी जायची. मीही म्हणायचो, मनात.

काढण्याचा सोहळा मात्र पाहण्यासारखा. जुनं धोतर नेसून गोपाळराव आधी बॅटरीची वायर सोडत. मग पंख्याचा पट्टा सैल करून उतरवत, तीन बोल्ट काढत आणि ते जड नळकांडं तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांवर घेऊन घरात जात. जाड वायरीला लाल दोरा, बारीक वायरीला पांढरा. नटबोल्ट चार वाट्यांत. पान्याला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. एकदा त्यांच्याकडच्या चिवड्यात मला वायसर सापडला. मी तो दाखवला तर म्हणाले, "बरं झालं. कालपासून शोधतोय."

त्या पट्ट्यावरच पंखा फिरतो, त्यामुळे डायनामो काढला की गाडी नेताच येत नाही, एवढं मला कळत होतं. ते मुद्दाम असं का करतात, हे कळत नव्हतं.

मग माझी बदली कोपरगावला झाली. खोली बघायला रविवारी एस.टी.नं जाणार असं मी सहज बोललो. गोपाळराव लिहिता लिहिता थांबले.

"कोपरगावला?"

"हो."

बराच वेळ त्यांनी टाकावरची शाई पुसली. मग म्हणाले, "एस.टी. नको. मी नेतो."

रविवारी उजाडता उजाडता आम्ही निघालो. राहुरी मागे पडली आणि समोरचा लाल दिवा लागला. डायनामो वीज देत नाही, असा त्याचा अर्थ. मी म्हटलं, थांबू या. ते ऐकेनात. गोदावरी दिसायला लागली तशी त्यांनी गाडी रस्त्याकडेच्या लिंबाखाली घेतली आणि बंद केली.

"गाव पुढं आहे," मी म्हणालो.

"मी इथपर्यंतच येतो." स्टिअरिंगवरचा हात त्यांनी काढला नाही. "त्या कौलारू घरात माझी बहीण राहते. शांता. कारखान्यातल्या एका फिटरशी लग्न केलं तिनं. आपल्या जातीतला नाही. बावीस वर्षं झाली. लग्न करून ती दाराशी आली, तेव्हा वडील म्हणाले, दार लाव. लावलं ते मी."

मी काच खाली करून त्या घराकडे पाहिलं.

"गाडी चालू असली की सुट्टीच्या दिवशी मी इथं येतो. बसतो आणि परत फिरतो. बावीस वर्षांनी जाऊन काय बोलायचं? म्हणून डायनामो काढून ठेवतो. मग येता येत नाही."

त्यांनी किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली. हँडल मारून पाहिलं, धक्का मारून पाहिला. बॅटरीत जीवच उरला नव्हता.

मी चहाच्या टपरीवर जाऊन कुणी मेकॅनिक आहे का विचारलं. टपरीवाल्यानं तिथंच चहा पीत बसलेल्या एका उंच माणसाकडे बोट केलं. तो मुकाट्यानं माझ्यासोबत आला. गाडीजवळ येताच त्याची पावलं मंदावली.

"ही गाडी मी वळखतो," तो म्हणाला. "दोन-तीन म्हैन्यांनी येती, हुभी ऱ्हाती, जाती. शांता खिडकीतनं बघती. मी म्हनलं, जाऊन इचारू का? ती म्हनाली, त्याला यायचं आसंल तर यील."

गोपाळराव खाली उतरले होते. तो माणूस गाडीच्या मागे गेला.

"दादा, तुमी स्टिअरिंग धरा. आमी ढकलतो. घर हितंच हाय."

अंगणात गाडी शिरली तेव्हा शांताबाई ओट्यावर आल्या. गोपाळरावांनी त्यांच्याकडे न बघता बॉनेट उघडलं आणि आत डोकं घातलं. तासभर त्यांनी ते बाहेर काढलं नाही. शेजारी तो फिटर, रामचंद्र, वाकून उभा.

"डायनामोतले कार्बनचे तुकडे झिजल्यात. घरात इजेच्या मोटरीचे पडल्यात, घासून बशिवतो. पाना द्या."

गोपाळरावांनी पाना दिला.

त्यानं तीन बोल्ट काढून डायनामो ओट्यावर घेतला, नवे कार्बन बसवले, परत जोडला. पट्टा चढवताना दोघांची बोटं एकमेकांत अडकली. गोपाळराव म्हणाले, "जरा ताण अजून." त्यानं ताणला. शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी आणून गाडी चालू केली. लाल दिवा विझला. आता डोकं आत ठेवायला काही कारण उरलं नाही.

"दादा," शांताबाई म्हणाल्या, "साबण तिथं आहे. हात धू. पानं वाढलीत."

ते जेवले. एकदा मीठ मागितलं. आईचं शेवटचं आजारपण कसं गेलं, एवढंच शांताबाईंनी विचारलं आणि त्यांनी ते हळूहळू सगळं सांगितलं. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या. "झाडाखाली थांबत जाऊ नकोस. आत घेत जा गाडी."

माझी खोली बघायची राहूनच गेली.

परतताना गोपाळराव फार सावकाश गाडी चालवत होते. उसाच्या बैलगाड्या आम्हाला मागे टाकून जातील असं वाटत होतं. राहुरीच्या पुढे आल्यावर ते पहिल्यांदा बोलले.

"तिचे केस पांढरे झालेत. पाहिलंस?"

"हो."

"मी आपला खिडकीत काळी वेणी शोधत बसायचो."