अंबूबाईंचं हिरवं बटण

चालू असलेली वस्तू उघडून पाहिल्याखेरीज मानवजातीची प्रगती होत नाही. घड्याळ, रेडिओ, लग्नात आलेला मिक्सर आणि नुकताच झालेला डांबरी रस्ता (हा दर सहा महिन्यांनी उघडून पाहतात) ही त्याची सर्वमान्य उदाहरणं आहेत. या थोर परंपरेत मोबाईल मागं पडू नये, म्हणून आम्ही मलकापुरात ‘मोबाईल अंतर्गत सुधारणा मंडळ’ काढलं. सभासद अकरा, शिक्के दोन, सचिव मी. शिक्के दोन एवढ्यासाठी, की त्यातला एक कायम सापडत नाही.

मंडळापुढं पहिलं काम आलं ते अंबूबाईंचं. अंबूबाई आमच्या गल्लीच्या टोकाला एकट्या राहतात. त्यांचा मुलगा जयराज फौजेत आहे आणि सध्या सरहद्दीवर अशा उंचावर आहे, की तिथून घरी फोन फक्त रविवारी दुपारी चारला लागतो. तोही खालच्या चौकीपर्यंत चालत आलं तर. इकडून तिकडं लागतच नाही. मागच्या सुट्टीत त्यानं आईला नवा फोन आणला. फोन लावायचा कसा ते शिकवलं, फोटो बघायचे कसे ते शिकवलं. आलेला फोन घ्यायचा कसा, हे मात्र राहून गेलं. कारण आईला फोन करणारा तोच एक, आणि तो तेव्हा शेजारीच बसला होता.

या फोनवर कॉल आला की हिरवं चिन्ह येतं आणि ते बोटानं वर सारावं लागतं. अंबूबाई ते दाबायच्या. दाबून काही होत नाही म्हटल्यावर आणखी जोरात दाबायच्या. असे पाच रविवार गेले. मग त्या थेट मंडळाच्या सभेत आल्या (कोरम पूर्ण होता) आणि म्हणाल्या, “आवं नानासो, पोराचा फोन वाजतोय, वाजतोय आन् गप हुतोय. त्याला वाटत आसंल, आय रुसली. मला लय बोलायचं न्हाई. नुसता आवाज कळू द्या.”

नानासो हे आमचे अध्यक्ष. माणूस इतका कामाचा, की गेल्या वीस वर्षांत त्यांनी ज्या ज्या कामाला हात घातला ते प्रत्येक काम अजून चालू आहे. त्यांचे डोळे भरून आले. ते म्हणाले, “वयनी, ह्यो प्रश्न मुळातनं सोडवायचा. वरवर न्हाई.” एखादा प्रश्न मुळातनं सोडवायचं ठरलं, की तो चुकून वरवर सुटायची भीती राहत नाही.

मूळ कुठं आहे ते कृष्णातनं सांगितलं. कृष्णात सांगलीला विश्रामबागेत मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे आणि सुट्टीला गावी येतो. त्याचं म्हणणं असं, की कॉल दाखवणारं ॲप कंपनीनं फोनच्या पोटातच बसवून दिलेलं असतं, ते बाहेरून बदलता येत नाही. ते पोटातून काढायचं, उसवायचं (याला डीकंपाइल म्हणतात), सारायच्या चिन्हाच्या जागी मोठं हिरवं दाबायचं बटण घालायचं, परत शिवायचं (याला रीबिल्ड म्हणतात) आणि होतं तिथं ठेवून द्यायचं. “धा मिन्टाचं काम हाय,” कृष्णात म्हणाला. हे वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं नोंदवलेलं आहे.

उसवण्याआधी फोनमधल्या सगळ्याची एक प्रत काढून ठेवावी, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. प्रत काढल्याची नोंद मात्र दप्तरात कुठं आढळत नाही.

उसवण्यात मंडळाला शंभर टक्के यश आलं. एवढ्याशा ॲपातून ३,९१४ फायली निघाल्या. एवढं सामान बाईच्या फोनात राहत होतं आणि तिला पत्ता नाही, हे पाहून सभा थक्क झाली. फायलींची सभासदांत समान वाटणी करण्यात आली. प्रत्येकी ३५५, उरलेल्या नऊ अध्यक्षांच्या अखत्यारीत. माझ्या वाट्याला आलेल्या फायलींत काय होतं ते मला अजून माहीत नाही, पण एकही हरवली नाही हे अभिमानानं सांगतो. आणि खरं म्हणजे कृष्णातनं ते हिरवं बटण आठ मिनिटांत बसवलंसुद्धा. तळहाताएवढं, ठसठशीत, आंधळ्यालाही सापडावं असं!

इथंच काम संपलं असतं तर मंडळ कशाला हवं होतं?

आपल्याकडं काम झालं की फलक लागतो. बोअरला पाणी लागलं तर लागतो, नाही लागलं तरी लागतो (शुभेच्छा प्रयत्नांना असतात). फोनच्या आत फलक कुठं लावणार, हा पेच खजिनदारांनी सोडवला. म्हणाले, कॉल आल्यावर जो पडदा येतो तो मोकळाच असतो की! झालं. वर मधोमध नानासो, खांद्यावर उपरणं, हात जोडलेले. खाली दोन ओळींत गोल गोल शुभेच्छुक. एकूण अकरा चेहरे. त्यात शिवांजली नाही. शिवांजली ही आमची सर्वांत तरुण सभासद, इंजिनिअरिंग शिकते. ती म्हणाली, माझा फोटो नको. तेव्हा रिकाम्या जागी नानासोंचाच दुसरा फोटो घालण्यात आला, हा बाजूनं काढलेला.

मग शिवायला घेतलं आणि चुका निघाल्या. १,१८६.

कृष्णातचा चेहरा उतरला. नानासो म्हणाले, “घाबरतोस काय रं? परत्येक चूक म्हंजी शिकायची संधी.” त्या हिशेबानं जिल्ह्यात त्या दिवशी आमच्याएवढी संधी कुणाकडंच नव्हती. शिवांजलीनं दोन तास वाचून शोधलं, की हे ॲप फोनच्या ज्या मूळ चौकटीवर उभं असतं ती चौकट शिवणाऱ्या साधनाला आधी दाखवावी लागते. दाखवली. चुका ४१ वर आल्या. मग कळलं, की कृष्णातचं साधन तो डिप्लोमाला होता तेव्हापासूनचं आहे. नवं घेतलं. चुका सहावर आल्या.

या सहा चुका चिवट निघाल्या. इंटरनेटवर धुंडाळता धुंडाळता असं दिसलं, की फलटणच्या एका गृहस्थानं अगदी हाच प्रश्न चार वर्षांपूर्वी विचारला होता. खाली त्यानंच लिहिलं होतं, ‘सुटलं. धन्यवाद.’ कसं सुटलं ते लिहिलं नव्हतं. मंडळानं ताबडतोब द्विसदस्य शिष्टमंडळ एसटीनं फलटणला पाठवलं. गृहस्थ सापडले, त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, “मेव्हण्याला देऊन टाकला ओ तो फोन. सुटलो.” हा उपाय शिष्टमंडळानं लेखी आणला. पाच चुका शिवांजलीनं नंतर एकटीनं बसून काढल्या.

शेवटची चूक फोटोंच्या नावात होती. ॲपमध्ये घालायच्या चित्राचं नाव छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि आकड्यांतच लागतं, जागा सोडलेलीही चालत नाही. आमच्या फोटोंची नावं ‘नानासो भावी उपनगराध्यक्ष फायनल नवीन २’ अशी होती. साधनानं ती नाकारली. सभेत संताप उसळला. मराठी माणसाला भावी होऊ देत नाहीत, असा निषेधाचा ठराव झाला आणि तो साधनाच्या निर्मात्याला पाठवण्यासाठी मी त्याचा पत्ता अजून शोधतो आहे. अखेर चेहऱ्यांना आकडे देण्याचं ठरलं. दोन नंबर कुणाचा यावर एक सभा गेली.

त्यानंतर ॲप शिवलं गेलं, फोनात बसवलं, आणि फोन चालू केला. कंपनीचं नाव आलं. गेलं. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. असं पावणेतीन तास! याला बूटलूप म्हणतात. कृष्णात डोकं धरून बसला, पण नानासोंनी सभेला धीर दिला, की फोन बंद पडलेला नाही, उलट इतर फोन एकदाच चालू होतात आणि हा सारखा चालू होतोय. टाळ्या झाल्या. शिवांजलीनं बघितलं तर फाईल जागेवर ठेवली होती, पण फोनला ती वाचायची परवानगीच दिलेली नव्हती. तिनं दिली. फोन उठला. आनंदाच्या भरात खजिनदारांनी मला उचलून घेतलं आणि दोघंही पडलो.

या सगळ्यात आणखी तीन रविवार गेले. या काळात फोन मंडळाच्या टेबलावर उघडा पडलेला असल्यानं तो वाजून गप होण्याचा प्रश्नच आला नाही. म्हणजे तक्रार निम्मी दूर झाली होती. अंबूबाई रोज दारात येऊन विचारायच्या, “झालं का ओ?” आम्ही सांगायचो, होतंय.

नवव्या रविवारी अंबूबाईंच्या अंगणात उद्घाटन ठेवलं. तीस खुर्च्या, एक भोंगा, पाटावर फोन, फोनला हळदकुंकू. नानासोंचं भाषण चाललं होतं. चार वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला.

काय सांगू! पडदा उजळला आणि अकराच्या अकरा चेहरे लखलखले. अंगणात एकच कल्ला. “मी दिसलो, मी दिसलो!” खजिनदार ओरडले. कुणी शिट्ट्या मारल्या, कुणी वाजणाऱ्या फोनबरोबर स्वतःचा फोटो काढला. अंबूबाईंनी घाईघाईनं पदराला हात पुसला, फोन उचलला आणि दाबायला लागल्या. आधी नानासोंना दाबलं. मग खजिनदारांना. मग मला (दोनदा). मग बाजूनं काढलेल्या नानासोंना.

“मावशी, बटण हाय! नानांच्या उपरण्याच्या मागं हाय!” कृष्णात ओरडला. त्या उपरण्यावर अंबूबाईंनी सगळा जोर लावला.

“दादा, बटण फोटोच्या खाली झाकलं गेलंय,” शिवांजली हळूच म्हणाली. “दाबलेलं फोटोलाच लागतंय.”

फोन गप झाला. मिनिटभरानं पुन्हा वाजला, पुन्हा सगळे चेहरे उजळले, पण या खेपेला कुणी शिट्टी मारली नाही. तोही गप झाला. अंबूबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला, एकेक चेहरा नीट पाहिला आणि विचारलं, “आवं, ह्यात माझा जयराज कुटं हाय?”

हा प्रश्न कार्यपत्रिकेवर नव्हता. नानासोंनी उपरणं काढून घडी घातली आणि ते खुर्चीवर बसून राहिले. मी सचिव असून मला इतिवृत्तात काय लिहावं ते सुचेना. खरं सांगायचं तर मला लाज वाटली, आणि मी खुर्च्या मोजायला लागलो.

फोन होता तसा करायला दोन दिवस लागले, कारण प्रत नव्हती. कंपनीचं मूळ सगळं नव्यानं उतरवून घ्यावं लागलं. अहवालात हे ‘फोन पूर्ववत करण्याचं उद्दिष्ट शंभर टक्के साध्य’ असं घातलं आहे.

दहाव्या रविवारी मी अंबूबाईंकडं गेलो तो समाधानपत्रावर सही घ्यायला. त्यांच्या घरामागच्या, ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढरं बसली होती. जतकडच्या सुलाबाई दरसाल खताला मेंढरं बसवायला येतात, त्या ओट्यावर पाणी पीत होत्या. त्यांच्याही गळ्यात पिशवीत असलाच फोन. अंबूबाईंचं सगळं ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, “आक्का, दाबतीस कशाला गं? वर सार की. मेंढरू कुठं दाबून चालतंय व्हय? ढकलावं लागतंय.”

आणि त्या उठून बांधापलीकडं गेल्या आणि तिथून अंबूबाईंना फोन लावला. अंबूबाईंनी दाबला. परत लावला. परत दाबला. चौथ्या खेपेला अंगठा वर सरला आणि सुलाबाईंचा आवाज फोनातून आला, तशा अंबूबाई किंचाळल्याच. मग दोघींना चेव चढला. पुढचे अकरा फोन निव्वळ हौसेनं झाले. शेवटी शेवटी तर एकमेकींना डोळ्यांनी बघत, बांधाच्या अलीकडून पलीकडं फोनवर, “कुटं हायस?” “हितंच हाय की!” असं चालू होतं, आणि मेंढरं माना वर करून बघत होती.

चारला फोन वाजला. अंबूबाईंनी वर सारला.

“जयराज? आरं बोल की रं! न्हाई रं राजा, रुसले न्हवते, मला घ्यायला येत न्हवता! जेवलास का?” पुढं बावीस मिनिटं त्या बोलत होत्या, रडत होत्या आणि मधेच खो खो हसत होत्या. समाधानपत्र मी खिशातच ठेवलं.

सुलाबाईंना या कामाला सात मिनिटं लागली. आमच्या इतक्या सभा झाल्या, त्या फोनला आमच्यातल्या प्रत्येकाचा हात लागला. जिचा फोन तिच्या हातात तो आम्ही एकदाच दिला, उद्घाटनाला. तिच्याजवळ बसून तिला दाखवावं, हे अकरा जणांत कुणालाही सुचलं नाही, शिवांजलीलासुद्धा.

तुम्ही आता आम्हाला हसत असाल. हसा. पण मागच्या आठवड्यात तुमच्या आईनं “हे जरा बघ रं” म्हणून फोन पुढं केला, तेव्हा तुम्ही काय केलंत ते आठवा. तिच्या हातातून तो घेतलात, स्वतःकडं वळवलात, दोनदा बोट फिरवलंत आणि “झालं” म्हणून परत दिलात. तिनं विचारलं, “कसं केलंस?” तुम्ही म्हणालात, “राहू दे, तुला नाही कळायचं.” आमच्या मंडळाचं सभासद व्हायला एवढीच पात्रता लागते. अर्ज करायची तसदी घेऊ नका. तुमचं नाव आम्ही कधीच घातलेलं आहे.