रावसाहेबाची तारीख

रावसाहेबाला किती वाजले असं विचारायची सोय नाही. तो आधी विचारतो, "कुठले?"

कर्जतच्या एसटी स्टँडवर उभं राहून असं विचारणारा माणूस एकच. तिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा, माझा शेजारी. घरात बसून परदेशातल्या कुठल्याशा कंपनीसाठी कोड लिहितो. भिंतीवरच्या घड्याळात दिसते ती त्याच्या मते "नुसती दाखवायची वेळ". खरी वेळ कॉम्प्युटरच्या पोटात असते आणि ती आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालते. "जगाची वेळ, दादा. कुठूनही बघा, एकच."

मुलगी पाहायला गेला तेव्हा तिच्या मामानं सहज विचारलं, सकाळी किती वाजता उठता? यानं मन लावून जगाच्या वेळेत उत्तर दिलं, मध्यरात्री साडेबाराला. स्थळ चहाबरोबरच संपलं. त्याची आई सखूकाकू तेव्हापासून मला रस्त्यात गाठते. "येवडं ह्याचं कुटं जमलं म्हंजी मी सुटले बाबा."

माझा धंदा मंडपाचा. बुकिंग सगळी डोक्यात. डोकं चुकलं तरी एरर दाखवत नाही हीच त्याची अडचण, असं म्हणून रावसाहेबानं मला हौसेनं एक प्रोग्राम करून दिला. कामगारांनी रोज मोबाईल उघडायचा आणि दिसेल त्या दारी मांडव घालायचा.

पहिल्याच लग्नाला पोरं मिरजगावात एक दिवस आधी मांडव घालून आली. मुलीच्या बापाचा फोन आला. माणूस शांत होता. मांडव तर आला, आता नवरदेवालाबी आजच बोलावू का, एवढंच विचारत होता.

रावसाहेब पांढराफटक. नुसती तारीख टाकली की प्रोग्राम तिला रात्री बाराची वेळ चिकटवत होता, आणि जगाच्या वेळेत तेव्हा आदल्या दिवसाची संध्याकाळ असते. "तारखेला तारीखच राहू द्यायची, दादा," तो कळवळून म्हणाला. "वेळ चिकटवली की ती घसरते." त्यानं दुरुस्ती केली, ती तपासायला एक खोटं बुकिंग टाकलं, आणि ते काढायचं विसरला.

सीझनमधल्या एका सकाळी मी गल्लीत शिरलो तर रावसाहेबाच्या दारात मांडव. झालर, कमान, लाल जाजम, मखमली खुर्च्यांची जोडी. माझा मुकादम बबन कमानीवर फुलांची माळ बांधत होता.

"शेठ, मोबाईलमधी आलं हुतं," तो म्हणाला. "रावसाहेबाचं जमलं म्हणून पोरांनी कमान आपल्या मनानं लावली."

"आणि नवरीचं नाव?"

"तिथं टेस्ट लिव्हलं हुतं. म्हटलं, फॉरेनची आसंल."

तेवढ्यात रावसाहेब बाहेर आला. वर मीटिंगचा इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा. झालरीकडे बघत उभाच राहिला. मी बबनला सगळं उतरवायला सांगणार, तोच माझ्या लक्षात आलं. तपासायला कुठलीही तारीख चालली असती. मंगळवार, अमावास्या, काहीही. यानं टाकली होती सीझनमधल्या सगळ्यात मोठ्या मुहूर्ताची. त्या दिवशी तालुक्यात माझा एकही बांबू गोडाऊनमध्ये नव्हता.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघायला लागला.

सखूकाकू नवं लुगडं नेसून बाहेर आली आणि मखमली खुर्चीवर बसली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "मला म्हाईत हाय, खोटं हाय ते. बसू दे की घडीभर."

बबननं माळेचं दुसरं टोकही बांधून टाकलं.

"संध्याकाळपर्यंत राहू द्या, दादा," रावसाहेब खालच्या आवाजात म्हणाला. मग घसा खाकरून, "दिवस बरोबर लागला ना पण? घसरला नाही?"

"अजिबात नाही," मी म्हणालो, आणि बबनला पंखेही लावायला सांगितले.