बोअर न घेण्याचे शास्त्र

जमिनीच्या पोटात काहीतरी आहे, हे खोदून बघेपर्यंत कोणालाही नाकारता येत नाही. आमची कंपनी याच सत्यावर उभी आहे. (तिच्या पायाखाली आणखी काही आहे का, याची खातरजमा अद्याप झालेली नाही.)

युरेनियमच्या 'प्रारंभिक टप्प्यातल्या' मालमत्ता बाळगणे हा कंपनीचा व्यवसाय. प्रारंभिक टप्पा म्हणजे जागा घेतली, नकाशा रंगवला, आता पुढचं पुढे. आमच्याकडे अशा अकरा मालमत्ता आहेत. दहा प्रारंभिक टप्प्यात आहेत आणि अकरावी त्याच्याही आधीच्या, म्हणजे ती नेमकी कुठे आहे यावर मतभेद आहेत. कंपनीच्या स्थापनेपासून एकाही मालमत्तेत युरेनियम नसल्याचं सिद्ध झालेलं नाही. अपयशाचं प्रमाण शून्य टक्के. असा आकडा मोठमोठ्या सर्जनांनाही दाखवता येत नाही (त्यांना कापून बघावं लागतं, तिथेच ते फसतात).

मी या कंपनीत वाक्यं लिहितो. 'युरेनियम आहे' असं लिहायला कायद्याची बंदी आणि 'नाही' असं लिहायला अध्यक्षांची. सबब 'अनुकूल भूगर्भीय परिस्थिती', 'उत्साहवर्धक संकेत' आणि 'शक्यता नाकारता येत नाही' या तीन शब्दप्रयोगांवर माझं घर चालतं. बरं चालतं.

कंपनीची भूगर्भतज्ज्ञ म्हणजे माझी थोरली बहीण. बाई हुशार, पण तिला एक खोड आहे. तिला बोअर घ्यायचा असतो, म्हणजे यंत्राने जमिनीत खोल भोक पाडून खाली खरंच काय आहे ते बघायचं असतं. इतकी वर्षं डास मारत, पाठीवर दगड वाहत ती रानोमाळ हिंडली, पण तिने खूण केलेल्या जागी एकदाही यंत्र लागलं नाही. आता तिची निवृत्ती तोंडावर आली होती.

"एकच बोअर घेऊ द्या," ती अध्यक्षांना म्हणाली. "काही निघो न निघो. जन्मभर मी बरोबर विचार करत होते की चूक, एवढं तरी कळू दे मला."

अध्यक्षांना गहिवरून आलं. "बाई, तुमच्यावर आमचा इतका विश्वास आहे, की तपासून बघायची गरजच वाटत नाही."

त्यातच उत्तरेकडच्या मालमत्तेत दगड सापडले. किरणोत्सार मोजायचं यंत्र जवळ नेलं, की ते कडकडायला लागायचं. ऑफिसात आनंदीआनंद झाला. अध्यक्षांनी एक दगड हौसेने आपल्या टेबलावर ठेवून घेतला (नंतर तो टेबलासकट तळघरात हलवण्यात आला). ताईने मात्र खुलासा केला, की हे दगड मुळात इथले नव्हेत. फार पूर्वी इथून बर्फाची नदी सरकत गेली. तिने वाटेतला खडक उपटला आणि पुढे आणून टाकला.

"म्हणजे दगड आपल्याकडे आणि युरेनियम शेजाऱ्यांकडे?" अध्यक्षांचा चेहरा पडला.

"तसंही असेल. पण आपल्याच हद्दीत, कडेला खडकात एक भेग आहे. दगडांची जात तिथल्या खडकाशी जुळते. मला विचाराल, तर ते तिथूनच आलेत. तिथे बोअर घ्या."

शेजारी आमच्यासारखीच एक कंपनी आहे. तिने ताबडतोब जाहीर केलं, 'लगतच्या मालमत्तेत अत्यंत उत्साहवर्धक दगड.' आम्ही जाहीर केलं, 'लगतच्या मालमत्तेत दगडांचा संभाव्य उगम.' दोघांचेही शेअर वधारले. एकमेकांच्या जमिनीबद्दल इतकं चांगलं बोलणारे शेजारी आजकाल कुठे मिळतात? अट एकच, आणि तीही न बोलता ठरलेली: आधी कोणी खोदायचं नाही.

ताईने हट्टच धरला, तेव्हा विषय वार्षिक सभेपुढे ठेवण्यात आला. भाड्याचा हॉल, कुरकुरता पंखा, पाणचट चहा. ताईने नकाशा टांगला. बर्फ कुठून आला, भेग कुठे आहे, सगळं तिने लहान मुलांना सांगावं तसं समजावून सांगितलं.

एक निवृत्त मुख्याध्यापक उठले. "समजा, काही नाहीच निघालं तर?"

"तर नाही, एवढं कळेल."

"मग आम्ही रोज सकाळी उठून पेपरात भाव बघायचा कशाचा?"

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मागून एका दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आणि निघालं तर हो?"

"तर आणखी बोअर, परवाने, रस्ते, पाणी, मग खाण. दहा-पंधरा वर्षांचं काम आहे."

यावर सभा जास्तच हादरली. "अहो, मग आहे ते काय वाईट चाललंय?" असं चारी बाजूंनी ऐकू आलं. मतदान झालं. ठरावाच्या बाजूने शून्य. ताईचा हात वर होता, पण तिच्याकडे शेअर नसल्यामुळे (ती फक्त दगडावर विश्वास ठेवते) तो धरण्यात आला नाही. माझ्याकडे शेअर आहेत. माझे दोन्ही हात खिशात होते.

घरी जाताना बसमध्ये तिने नकाशाची गुंडाळी मांडीवर घेतली. मग म्हणाली, "तू तरी हात वर करायचास रे."

"ताई, तू चुकीची ठरली असतीस तर? मला नसतं बघवलं."

"आणि बरोबर ठरले असते तर?"

यावर माझ्या तिन्ही शब्दप्रयोगांपैकी एकही चालेना. ती खिडकीकडे तोंड करून रडत होती आणि मला स्वतःची मनापासून लाज वाटत होती.

सुज्ञ वाचकहो, आपण आमच्या भागधारकांना हसला असाल. जरूर हसा. आपण त्या हॉलमध्ये असता, तर बेधडक बोअरच्या बाजूने हात वर केला असता, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तेव्हा डॉक्टरांनी तुम्हाला मागेच करायला सांगितलेली ती तपासणी तेवढी उद्या सकाळी उरकून टाका. घाबरण्यासारखं काही नाही. आजवर तरी तिच्यात काही निघालेलं नाही.