दिगूभावजींची चमकी

बँकेत दिलेला आमच्या ह्यांचा फोटो परत आला. कारण फोटोत ह्यांच्या डोक्यामागून चांदण्या निघत होत्या.

"साहेब इचारतात, हे महाराज कुठल्या मठाचे?" हे घरात येऊन ओरडले. "मला खातं काढायचं हाय, मठ नाय!"

फोटो काढला होता आमच्या शेजारच्या दिगूभावजींनी. हे तावातावाने त्यांच्या दुकानात गेले. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही पातळ, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा," दिगूभावजी शांतपणे म्हणाले, "त्या दिवशी तुमचा चेहरा लय उतरला होता. म्हणून जराशी चमकी टाकली. आता काढतो. पण मग तुमी तुमच्यासारखेच दिसाल. मला बोलू नका."

साजगावात दिगूभावजींना कुणी फोटोवाले म्हणत नाही, चमकीवाले म्हणतात. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. एक पडदा, एक स्टूल, एक कंगवा, आणि जुना कॉम्प्युटर. आधी ते इथल्याच एका कारखान्यात पाळीला जायचे आणि सुट्टीच्या दिवशी लोकांचे फोटो काढायचे. नोकरी सुटल्यावर उलटं झालं. आता त्यांना रोजच सुट्टी आणि रोजच फोटो.

फोटो काढून झाला की ते गिऱ्हाइकाला विचारतात, "चमकी टाकू का?" हे विचारणं नुसतं नावाला. गिऱ्हाईक हो म्हणेपर्यंत चमकी पडलेली असते.

त्यांच्या चमकीचे प्रकार आहेत. मोठी, चारी बाजूंनी फुटणारी, ती अनार. रेघांची, ती फुलबाजी. आणि सगळ्यात बारीक, असून नसल्यासारखी, तो काजवा. गौरीच्या मुखवट्याला काजवेच. तिथे अनार टाकला तर देवी दचकते, असं त्यांचं म्हणणं. नव्या नवरीच्या चुड्याला फुलबाजी. दहीहंडीच्या पोरांवर उडालेल्या पाण्याचा एकेक थेंब ते चमकवत बसतात. मग ती पोरं चिखलातून नाही, आभाळातून पडल्यासारखी दिसतात.

मी चहा द्यायच्या निमित्ताने दारात उभी राहून बघते. मला कुणाशी फारसं बोलता येत नाही, पण बघायला बोलावं लागत नाही. ते माऊस धरतात तो हात मला रांगोळीची चिमूट सोडणाऱ्या बाईसारखा वाटतो. पडद्यावर कुणाचं तरी अंगण असतं, तुळस असते, पायरीवर पोरं बसलेली असतात. दिगूभावजी टिचकी मारतात आणि तुळशीच्या पानाआड एक ठिपका उजळतो. आणखी एक टिचकी. बघता बघता आपण कुणाच्या तरी स्वप्नाच्या खिडकीत उभे आहोत असं होतं, आणि हातातला चहा गार होतो.

आता हे सगळं मोबाईलवर होतं. पोरं एक बोट फिरवतात की चमचम सुरू. दिगूभावजींना ते अजिबात खपत नाही.

"ती चमकी हाय का? भेळेवर शेव टाकल्यासारखी कुठंबी पडते. अरं, चमकी कुठनं आली ते दिसाया पायजे! तिला घर पायजे!"

हे बोलणारा माणूस स्वतः काय करतो, तर वसुबारशीच्या दिवशी गावातल्या तात्यांच्या म्हशीचा ओवाळतानाचा फोटो काढतो आणि तिच्या दोन्ही शिंगांवर अनार फोडतो. तात्या म्हणाले, "दिगू, अरं इला भाजशील." तो फोटो तात्यांनी ओटीवर लावला आहे. त्यांच्या सुनेचं म्हणणं की घरात एवढा सुंदर फोटो दुसऱ्या कुणाचाच नाही, आणि ते ती हसून म्हणत नाही.

एवढ्या चमचमत्या दुकानात एक फोटो मात्र काळा आहे. कॉम्प्युटरच्या वर, चौकटीत लावलेला. नीट बघितलं तर खाली पणतीची एक ज्योत दिसते, आणि ज्योतीच्या आडोशाला धरलेला तळहात. बाकी सगळा अंधार. नवं गिऱ्हाईक विचारतं, "हा कसला फोटो?" दिगूभावजी म्हणतात, "आमच्या हिचा."

ही म्हणजे मालन, माझी मैत्रीण. पापड आम्ही एकत्र लाटायचो, आणि संध्याकाळी पायरीवर बसून घाटाकडे बघायचो. अंधार पडला की घाटातल्या गाड्यांचे दिवे डोंगरावरून सरकत खाली येतात. डोंगर दिसत नाही, नुसते दिवे. मालन म्हणायची, "बघ गं, डोंगर नटून कुठंतरी चाललाय."

ती लाजरी. नवऱ्याने कॅमेरा उचलला की ही स्वयंपाकघरात. "मेलं माझा कशाला, लोकांचे काढा." लग्नाचा अल्बम पुराच्या पाण्यात गेला. मतदान कार्डावर तिचा फोटो आहे, पण दिगूभावजी तो कुणाला दाखवत नाहीत. "त्यात मालन नाय. त्यात कुणी तरी पकडून आणलेली बाई हाय." एकाच दिवाळीला ती फोटोला तयार झाली. हातात पणती घेऊन दारात उभी राहिली आणि नेमकी लाईट गेली. फ्लॅशचे सेल संपलेले. ती म्हणाली, "थांबा, लाईट येऊ दे." दिगूभावजी म्हणाले, "पणतीचा उजेड पुरतो." तो पुरला नाही. पुढच्या दिवाळीला मालन नव्हती.

कॉम्प्युटर घेतला तो त्या अंधारातून तिचा चेहरा वर काढायला. काळा भाग उजळवला तर अंधाराची नुसती राख झाली, चेहरा काही आला नाही. चमकी टाकायला ते तेव्हाच शिकले. दर दिवाळीच्या आधी तो फोटो पडद्यावर घेतात आणि अनार, फुलबाज्या, काजवे टाकत राहतात. भिंतीपलीकडून टिकटिक ऐकू येते. एकदा मी चहा घेऊन गेले तर पडद्यावर अख्खी जत्रा भरली होती, आणि त्या जत्रेत मालन कुठेच नव्हती. मग त्यांनी सगळं पुसलं. पुन्हा ज्योत आणि तळहात.

या वर्षी त्यांना जास्तच घाई होती. त्यांची मुलगी मोहोपाड्याला दिली आहे. तिची चिऊ आता बोलायला लागली. मागच्या खेपेला तिने विचारलं, "आजी कुठाय?" दिगूभावजींनी फोटोकडे बोट दाखवलं. चिऊला त्यात ज्योत दिसली. तेव्हापासून ती देवापुढच्या समईला आजी म्हणते. गॅस पेटवला तरी आजी.

"वहिनी," दिगूभावजी मला म्हणाले, "दिवाळीला पोरगी यायची हाय. तवर काय तरी कराया पायजे. नातीनं आजीवर कुकर ठेवायचा का?"

मला हसू आलं, आणि मग घरी येऊन ते आठवून रडू आलं.

दिवाळीच्या तोंडावर वाडीवरून भागीआजी उतरली. वाडी म्हणजे वरच्या डोंगरातली. नातीच्या लग्नात दिगूभावजींनी तिचा फोटो काढला होता, तो घेऊन आली. "ह्यात चमकी नाय दिसत," म्हणाली. दिगूभावजींना एवढंच हवं होतं. म्हणाले, संध्याकाळी ये. आणि दिवसभर खपून म्हातारीला असं सजवलं की लुगड्याला काजवे, काठीला फुलबाजी, अंबाड्यामागे अनार.

संध्याकाळी मी ह्यांचा नवा, बिनचमकीचा फोटो न्यायला गेले होते, तेव्हाच भागीआजी आली. तिने फोटो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उलटा करून मागे बघितलं.

"अरं मुडद्या," ती म्हणाली, "मला आग लावली का रं?"

"चमकी सांगितली ना तू आजी?"

"माजी चमकी रं! नाकातली!" तिने नाकावर बोट आपटलं. "आयनं घातलेली. सगळ्या अंगाला टाकलीस, नाकाला नाय टाकलीस!"

मी पदर तोंडाला लावला. भागीआजी स्वतःच एवढी हसली की स्टुलावर बसली. दिगूभावजींनी सगळं पुसलं आणि म्हातारीच्या नाकावर एक काजवा ठेवला. एकच. फोटोतली भागीआजी एकदम जागी झाल्यासारखी दिसली. "हां," आजी म्हणाली, "आता मी हाय." आणि गेली.

दिगूभावजींनी पडद्यावरच्या त्या एका काजव्यावर बोट ठेवलं. मग हळूच वर, काळ्या फोटोकडे बघितलं.

"वहिनी, हिची चमकी... कुठल्या बाजूला होती?"

मला वाटलं त्यांना आठवत असेल. इतकी वर्षं समोर बसून जेवलेला माणूस. पण त्यांचं बोट स्वतःच्या नाकाच्या या बाजूवरून त्या बाजूवर जात होतं आणि चेहरा पोरासारखा झाला होता.

"उजव्या," मी म्हणाले. "सगळ्यांची डावीकडं, तिची उजवीकडं. लहानपणी डावं टोचलेलं पिकलं होतं."

त्यांनी काळा फोटो पडद्यावर घेतला. मग उठले, चहाचा रिकामा कप पणतीसारखा हातात धरला, दुसरा हात आडोशाला लावला आणि दारात जाऊन माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. मिशा, लुंगी, हातात कप.

"अशी उभी होती. मग नाक कुठं येतं?"

मालनचा फोटो काढला त्या दिवाळीच्या संध्याकाळी मी माझ्या पायरीवर रांगोळी घालत होते. तिला मी बघितलं होतं. दुकानात मी कधी चार शब्द बोलत नाही, पण तेव्हा बोलले.

"मान इतकी ताठ नाय भावजी. वारा होता. ती तुमच्याकडं बघतच नव्हती, ज्योतीकडं बघत होती. खाली. अजून थोडी. हां, अशी."

ते तशीच मान धरून, कप न हलवता, चालत कॉम्प्युटरपाशी आले. माऊस घेतला. तिची उजवी म्हणजे पडद्यावरची डावी, असं दोनदा पुटपुटले. ज्योतीच्या वर, अंधारात, सगळ्यात बारीक काजवा ठेवला. मी म्हणाले, "जरा खाली." त्यांनी जरा खाली घेतला.

आणि मालन आली. चेहरा कुठे काढलेला नव्हता, अंधार होता तसाच होता. पण तो ठिपका कुणाच्या तरी नाकावर होता, आणि ते नाक पणतीवर वाकलेलं होतं, आणि त्या वाकण्यात तिचे गाल, कपाळ, ओठ मुडपून हसणं सगळं होतं. बाहेर घाटातले दिवे उतरायला लागले होते. दिगूभावजींनी माऊसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला. आणखी टाकू का, असं विचारलं नाही.

दिवाळीला मुलगी आली. मी फराळाचं ताट घेऊन गेले तेव्हा चिऊ आजोबांच्या कडेवर होती. दिगूभावजी नव्या फोटोसमोर उभे होते, आणि या वेळी बोट दाखवत नव्हते.

"चिऊ, आजी कुठाय गं?"

चिऊने बराच वेळ बघितलं. ज्योतीकडे तिचं बोट गेलंच नाही. तिने ते उचललं आणि स्वतःच्या नाकावर ठेवलं.