बरण्या घासून दिल्या त्याची गोष्ट

"समोरच्या बाई म्हणे वर्गात काही शिकवतच नाहीत! मुलंच बडबडतात, ही आपली मागच्या बाकावर. आता हेडसर वर्ग बघायला येणार, आणि मग हिची नोकरी—"

जिन्यात दोघी बोलत होत्या. मी खोकले नसते तर पुढचंही कळलं असतं. (नको तेव्हा खोकला येणं हा माझा जुनाच आजार.)

माझा जीव कळवळला. गुणी पोर, एकटी राहते, शाळेत विज्ञान शिकवते. तिची किल्ली माझ्याकडेच असते. म्हटलं, नोकरी आपल्या हातात नाही, निदान घर तरी आवरून देऊ.

"तुला कुणी बोलावलंय का?" हे म्हणाले.

"शेजारधर्म काय आमंत्रणाची वाट बघून करायचा?"

आत गेले आणि धस्स झालं. खिडकीत ओळीने बरण्या, अन् आत पावाचे बुरसटलेले तुकडे. बिचारीला काळजीने घास उतरत नसणार! डोळे पुसत मी सगळं फेकलं, बरण्या लख्ख घासल्या, वर चिकटवलेले कागदही खरवडले. (कागदांवर काही लिहिलं होतं, पण चष्मा नव्हता. असता तरी दुसऱ्याचं लिहिलेलं मी कधी... असो, चष्मा नव्हता.)

संध्याकाळी बाई दारात, रडवेल्या.

"काकू, तो मुलांचा प्रयोग होता हो! शाळेत कुणी कचरा समजून फेकेल म्हणून घरी आणला. उद्या हेडसर तोच बघणार होते. मुलं यातून काही शिकलेली दिसली नाहीत, तर पुन्हा फळा आणि घोकंपट्टी."

दुसऱ्या दिवशी मी स्वतःच वर्गात हजर झाले आणि बरण्या मीच घासल्याचं कबूल केलं. हेडसरांच्या कपाळावर आठ्या. मला वाटलं, मुलं आता फाडून खातात. पण दोन वेण्यांची एक चिमुरडी उठली.

"काकू, एखाद्या तुकड्याला बुरशी नव्हती का?"

"होता की एक. कडक, खडखडीत!"

"तो भाजलेला! बघा, कोरड्याला बुरशी येत नाही!" सगळा वर्ग ओरडला.

"थांबा," मागून एक चष्मेवाला म्हणाला. "एकट्या काकूंच्या सांगण्यावर कसा विश्वास ठेवायचा? प्रयोग पुन्हा करायचा."

हेडसर पहिल्यांदा हसले. मग मुलांनीच ठरवलं, सोबत हातांचाही प्रयोग करू. एक तुकडा खेळून आलेल्या हाताने दाबायचा, एक नुसत्या पाण्याने धुतलेल्या हाताने. आणि स्वच्छ हाताचा नमुना? सगळ्यांनी एकमताने माझ्याकडे बोट दाखवलं. मी ऐटीत पाव दाबला.

तर, बाई वर्गात शिकवत नाहीत हे खरंच निघालं. नोकरीचं मात्र खोटं. उलट आता हेडसरही अधूनमधून मागच्या बाकावर येऊन बसतात.

आणि बुरशी? सगळ्यात घनदाट माझ्याच तुकड्यावर! पालकसभेत ती बरणी हातोहात फिरली. शेजारी उभी राहून वेण्यावाली सगळ्यांना समजावत होती, "घाबरू नका, काकू रोज अंघोळ करतात. आम्ही काकांना विचारून घेतलंय."